एएलएसवर नवं औषध आलंय म्हणे: होकार देण्याआधी घरी बसून करायची कामं

बाबांना एएलएस, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार, असल्याचं निदान ऑगस्ट २०२२ मध्ये झालं. सुरुवात डाव्या हातापासून झाली होती, कुलपात किल्ली फिरेना. त्यानंतरचे दहा-अकरा महिने मानेचा पट्टा, मालिश आणि फिजिओ यांत गेले. आमच्या नौपाड्यातल्या घरातून बातमी बाहेर पडली त्याच आठवड्यात डोंबिवलीच्या आत्याचा फोन आला. ‘‘अगं, एक पत्ता मिळालाय. तिथे इंजेक्शन देतात, माणूस पुन्हा चालायला लागतो म्हणे.’’ पुढच्या अडीच वर्षांत असे बरेच पत्ते आले. सोसायटीच्या ग्रुपवरून, बाबांच्या वागळे इस्टेटमधल्या जुन्या सहकाऱ्यांकडून, एकदा तर रिक्षावाल्याकडूनही. सगळ्यांनी मनापासून दिले होते.

२०२५ च्या सुरुवातीला बाबा गेले. आता ओळखीतून नव्याने निदान झालेल्या घरांचे फोन मला येतात आणि प्रश्न एकच असतो: ‘‘हे करून बघू का?’’ मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते. पण हा प्रश्न कागदावर मांडून कसा सोडवायचा हे आम्ही चुकत चुकत शिकलो. ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी निदान पक्कं करा

नव्या उपचाराचा विचार करण्याआधी, आजार एएलएसच आहे ना, हे दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टकडून तपासून घ्या. आपल्याकडे फायलीवर याच आजारासाठी बहुधा ‘एमएनडी’ (मोटर न्यूरॉन डिसीज) लिहिलेलं असतं. मेंदूतून आणि मणक्यातून स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरत जातात, तो हा आजार. अमुक एका रक्ताच्या तपासणीत तो दिसला असं होत नाही. ईएमजी आणि एनसीव्ही या स्नायूंच्या आणि नसांच्या तपासण्या, मेंदू आणि मानेचा एमआरआय, आणि डॉक्टरांनी हातापायांची केलेली तपासणी, हे सगळं जुळवून निदान होतं. ठाण्याहून परळच्या केईएमला जाणं जमण्यासारखं आहे. बंगळुरूच्या निम्हान्सलाही अनेक घरं जातात. अंगात प्रवासाची ताकद आहे तोवर एकदा जाऊन या.

याचा आशेशी थेट संबंध आहे. मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथी हा आजार वरवर एएलएससारखा दिसतो, पण इम्युनोग्लोब्युलिनच्या इंजेक्शनांनी त्यात खरोखर फरक पडतो. मानेतल्या मज्जारज्जूवर दाब असेल तर ऑपरेशनचा विचार होतो. हिरायामा हा आजार आपल्या देशातल्या तरुण मुलांमध्ये दिसतो. त्यात एका हाताचा पंजा वाळतो, पण आजार काही वर्षं वाढतो आणि मग आपोआप थांबतो. ‘‘माझ्या भाच्याचा हात अमुक वैद्यांनी थांबवला’’ असं कुणी सांगितलं की मी आधी भाच्याचं वय विचारते.

त्याच भेटीत जनुकीय तपासणीबद्दलही विचारा. एसओडी१ या जनुकातला दोष एएलएसच्या १०० रुग्णांपैकी साधारण दोघांत सापडतो. पण तो सापडला तर टोफर्सेन या औषधाचा विषय निघतो, आणि मग बाकीचे पत्ते बाजूला ठेवून आधी त्यामागे लागावं लागतं.

जे चालतं ते आधी सुरू करा

ही चूक आम्ही केली, म्हणून जरा जास्त लिहिते.

रिल्युझोल या एएलएसवरच्या औषधाला अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळाली. चाचण्यांमध्ये त्याने आयुष्य सरासरी दोन ते तीन महिन्यांनी वाढलेलं दिसलं. ५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, आणि अधूनमधून यकृताची रक्ततपासणी. दोन-तीन महिने ऐकून बाबा म्हणाले होते, ‘‘बस, एवढंच?’’ आमच्याही मनात तेच आलं. मोठं काहीतरी येतंय, तोवर ही गोळी चालू राहू दे, असं म्हणून आम्ही बाकीच्या गोष्टींकडे नीट पाहिलंच नाही.

त्या बाकीच्या गोष्टींत बायपॅप होतं. नाकातोंडावर मास्क लावून श्वासाला आधार देणारं हे यंत्र. इंग्लंडमध्ये ४१ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचं बोलणं-गिळणं फार बिघडलेलं नव्हतं, अशांमध्ये बायपॅप वापरणाऱ्यांचं आयुष्य २०५ दिवसांनी जास्त निघालं, आणि झोपही सुधारली. म्हणजे जवळजवळ सात महिने. ज्या इंजेक्शनाच्या बातम्या आम्ही रात्री दोन वाजता वाचत होतो, त्यांपैकी एकाकडेही असा आकडा नव्हता. हे यंत्र ठाण्यात भाड्यानेही मिळत होतं.

डॉक्टरांनी बायपॅप सुचवलं तेव्हा बाबांनी चार महिने टाळलं. ‘‘मशीन लावलं म्हणजे संपलं’’ असं त्यांना वाटे, आणि आम्हीही जोर केला नाही, कारण सगळे कुठल्या ना कुठल्या निकालाकडे डोळे लावून बसलो होतो. सकाळी उठल्यावर डोकं दुखणं, दिवसा डुलक्या, सपाट झोपलं की घुसमट, ही श्वास कमी पडत असल्याची लक्षणं असतात. तीन-तीन महिन्यांनी फुप्फुसाची चाचणी करून एफव्हीसी, म्हणजे एका दमात जोराने बाहेर सोडता येणारी हवा, किती टक्के आहे ते लिहून ठेवा. पोटातून अन्न देण्याची पेग ट्यूब घालायची असेल तर हा आकडा ५० टक्क्यांखाली जाण्याआधी घालणं जास्त सुरक्षित मानतात. बायपॅप आलं की इन्व्हर्टरही घ्या.

तेव्हा नव्या उपचारासाठी प्रवास, पैसा आणि बळ खर्च करण्याआधी या चार गोष्टी मार्गी लागल्यात का ते पाहा: गोळी, श्वास, पोषण, आणि कूस बदलायला घरात माणूस.

आजाराची चाल वहीत लिहा

कुठलंही नवं औषध सुरू करण्याआधी निदान तीन महिन्यांची नोंद हातात हवी. डॉक्टर यासाठी एएलएसएफआरएस-आर नावाची मोजपट्टी वापरतात. १२ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ४८. बोलणं, लाळ, गिळणं, लिहिणं, अन्न कापणं, कपडे घालणं, अंथरुणात कूस बदलणं, चालणं, जिना चढणं, आणि श्वासाचे तीन प्रश्न. आमच्या वहीत ‘अन्न कापणं’च्या पुढे मी कंसात ‘पोळी तोडणं’ असं लिहिलं होतं. सुरी-काट्याने जेवतो कोण?

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, चहानंतर, मी विचारायची आणि बाबा सांगायचे. सरासरी रुग्णाचा महिन्याला साधारण एक गुण कमी होतो. पण सरासरीवर जाऊ नका, आपल्या माणसाची चाल पाहा.

वहीचं मोल आम्हाला २०२३ च्या उन्हाळ्यात कळलं. एका नातेवाइकांनी काढा आणून दिला होता. एप्रिल, मे, जून, तिन्ही महिने बाबांचे गुण ३६ वर थांबले. घरात आनंद झाला, आत्याने देवापुढे साखर ठेवली. जुलैत ३४, ऑगस्टमध्ये ३२. काढा तोच, वेळही तीच.

नंतर वाचलं की हजारो रुग्णांच्या जुन्या चाचण्यांच्या नोंदी एकत्र करून अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ साली हेच तपासलं होतं. सहा महिन्यांच्या काळात साधारण २५ टक्के रुग्णांचे गुण घसरलेच नव्हते. वर्षभरात १६ टक्क्यांचे. म्हणजे चारांतला एक जण सहा महिने आपला आपण थांबलेला दिसू शकतो. त्या सहा महिन्यांत त्याने जे काही घेतलं असेल, काढा, इंजेक्शन, नवस, त्याला श्रेय मिळतं. सांगणारा खोटं बोलत नसतो, त्याने पाहिलेलं खरंच असतं. पण त्यावरून औषधाबद्दल काहीच कळत नाही. म्हणून तर चाचणीत काही लोकांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी द्यावी लागते.

उपचार कुठवर पोचलाय ते शोधा

‘रिसर्चमध्ये सिद्ध झालंय’ या वाक्यापुढे तीन प्रश्न विचारा. किती माणसांवर? तुलनेला दुसरा गट होता का? तोच निकाल दुसऱ्यांदा, मोठ्या चाचणीत मिळाला का?

हे प्रश्न कुठून आले ते आमच्याच घरच्या गोष्टीवरून सांगते. बाबांचं निदान झालं त्याच्या पुढच्याच महिन्यात, सप्टेंबर २०२२ मध्ये, अमेरिकेने एएमएक्स००३५ या औषधाला मान्यता दिली. १३७ रुग्णांवर २४ आठवड्यांची चाचणी झाली होती आणि औषध घेणाऱ्यांची घसरण मंद दिसली होती. किंमत वर्षाला सुमारे १,५८,००० डॉलर. न्यू जर्सीतला माझा चुलतभाऊ म्हणाला, मी चौकशी करतो. आईने बदलापूरचा प्लॉट विकायची भाषा सुरू केली. मीही हिशेब मांडून बसले, किती महिने पुरेल वगैरे. बाबांनीच थांबवलं. मोठी चाचणी चालू आहे हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. ‘‘तिचा निकाल येऊ दे,’’ म्हणाले.

निकाल मार्च २०२४ मध्ये आला. ६६४ रुग्ण, ४८ आठवडे, आणि औषध आणि नकली औषध यांत फरक नाही. एप्रिलमध्ये कंपनीने ते बाजारातून मागे घेतलं.

आमचा प्लॉट वाचला हे खरं. पण हेही लिहायलाच हवं: निकाल उलटा आला असता तर ते दीड वर्ष बाबांचं वाया गेलं असतं, आणि त्यांच्याकडे दीड वर्ष म्हणजे काय होतं हे आम्हाला ठाऊक होतं. लक्षणं सुरू झाल्यापासून बहुतेकांना दोन ते पाच वर्षं मिळतात. शंका घेऊन थांबण्याचीही किंमत असते. ‘थांबा, पुरावा येऊ द्या’ असं सहज सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. निकाल आला त्या रात्री बाबांनी ती बातमी मला दोनदा वाचायला लावली आणि मग टीव्ही लाव म्हणाले.

दुसऱ्या बाजूला, ‘तोटा तर काही नाही ना’ हे म्हणणंही खरं नसतं. मिनोसायक्लिन हे साधं, स्वस्त अँटिबायोटिक. प्राण्यांवरच्या प्रयोगांत आशादायक होतं. ४१२ रुग्णांवरच्या चाचणीत (२००७) ते घेणाऱ्यांची घसरण २५ टक्के जास्त वेगाने झाली. श्वासपटलाला विजेचे झटके देणारं यंत्र अमेरिकेत २०११ साली मंजूर झालं. ब्रिटनमध्ये ७४ जणांवर चाचणी झाली तेव्हा नुसतं बायपॅप लावणारे सरासरी साडेबावीस महिने जगले, आणि बायपॅपसोबत हे यंत्र बसवलेले ११ महिने. लिथियमचं उदाहरण मला सर्वांत चटका लावून जातं. २००८ साली इटलीतल्या एका छोट्या अभ्यासात, लिथियम घेणाऱ्या १६ जणांपैकी १५ महिन्यांत कुणीही दगावलं नव्हतं. जगभरातल्या रुग्णांनी आपापल्या डॉक्टरांकडून ते लिहून घेतलं. पुढच्या मोठ्या चाचण्यांत फायदा दिसलाच नाही.

पण आशेला जागा आहे, आणि ती खरी आहे. टोफर्सेनची १०८ रुग्णांवरची चाचणी २८ आठवड्यांनी ठरवलेलं उद्दिष्ट गाठू शकली नाही. तरी चेतापेशींची झीज दाखवणारं न्यूरोफिलामेंट हे प्रथिन रक्तात स्पष्ट उतरलं होतं, आणि लवकर सुरू केलेल्यांची स्थिती पुढे बरी दिसली. त्यावर अमेरिकेने एप्रिल २०२३ मध्ये सशर्त मान्यता दिली. ते मणक्यातून द्यावं लागतं आणि फक्त एसओडी१ वाल्यांसाठीच आहे.

आणि मेथिलकोबालामिन. इथे आपल्याकडे मोठा घोटाळा होतो. जपानमध्ये १३० रुग्णांवर १६ आठवड्यांची चाचणी झाली, त्यात घसरण ४३ टक्के मंदावली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिथे मान्यता मिळाली. ते ऐकून लोक केमिस्टकडून नेहमीचं बी१२ चं इंजेक्शन आणतात. त्यात बहुधा ५०० ते १५०० मायक्रोग्रॅम असतात. जपानमधला डोस ५० मिलिग्रॅम, म्हणजे ५०,००० मायक्रोग्रॅम, आठवड्यातून दोनदा. शिवाय चाचणीत घेतलेले सगळे रुग्ण आजार सुरू होऊन वर्षाच्या आतले होते. नाव तेच असलं तरी ही दोन वेगळी औषधं समजा आणि न्यूरोलॉजिस्टशी बोला.

पैसे मागतात का, ते विचारा

औषधाच्या खऱ्या चाचणीत प्रयोगाच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. आपल्याकडे २०१९ चे नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायलचे नियम आहेत. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई देण्याची जबाबदारी त्यात चाचणी करणाऱ्यांवर टाकली आहे. स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी टोचण्याच्या उपचाराबाबत, आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताचे काही आजार वगळले तर स्टेम सेल हे अजून संशोधन आहे, ते मंजूर चाचणीतच द्यायचं, आणि त्याचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नाहीत.

स्टेम सेल देणाऱ्या दुसऱ्या राज्यातल्या एका ठिकाणी मी स्वतः फोन केला होता. संभाषण साधारण असं झालं.

‘‘ही ट्रायल आहे का?’’

‘‘नाही मॅडम, ट्रीटमेंट आहे.’’

‘‘मग एएलएससाठी मान्यता कुणाची?’’

‘‘आमच्याकडे खूप पेशंट येतात मॅडम. तुम्ही रिपोर्ट व्हॉट्सॲप करा, लवकर आलात तर रिझल्ट चांगला मिळतो.’’

खर्च काही लाखांत होता आणि तो आगाऊ भरायचा होता. किती रुग्णांना फायदा झाला, कसा मोजला, किती जणांना त्रास झाला, यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर आकड्यात आलं नाही. मी फोन ठेवला तेव्हा आई शेजारी उभी होती. तिने विचारलं, ‘‘काय म्हणाले?’’ तिला सांगणं फोनपेक्षा अवघड गेलं.

अजून एक गोष्ट पैशाहून महत्त्वाची आहे. एकदा स्टेम सेल घेतलं की पुढे अनेक चाचण्या त्या रुग्णाला घेत नाहीत. काही लाख देऊन आपणच दार लावून घेतो.

चाचणीत जायचं असेल तर

सीटीआरआय ही देशातल्या क्लिनिकल ट्रायलची सरकारी नोंदवही २००७ पासून आहे, आणि जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद तिथे करावीच लागते. संकेतस्थळावर आजाराचं नाव टाकून शोधता येतं. क्रमांकात आधी सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि आकडा असतो. पानावर कोणत्या हॉस्पिटलात, किती रुग्ण, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे की नाही, सगळं दिसतं. मात्र नोंद म्हणजे मान्यता नव्हे. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांचीही तिथे नोंद असते.

पात्रतेच्या अटी आधी वाचा. लक्षणं सुरू होऊन किती महिने झाले आणि एफव्हीसी किती, या दोन अटींवर बहुतेक लोक बाद होतात. म्हणून ‘आधी घरगुती करून बघू, मग ट्रायल’ हा क्रम उलटा पडतो. चाचणीत जायची इच्छा असेल तर पहिल्या सहा महिन्यांतच न्यूरोलॉजिस्टना तसं सांगून ठेवा.

संमतीपत्र मराठीत मागा. घरी आणा, दोन दिवस ठेवा. त्यात हे शोधा: नकली औषध मिळण्याची शक्यता किती, मणक्यातून पाणी किती वेळा काढणार, प्रवासखर्च कोण देणार, मध्येच सोडलं तर नेहमीच्या उपचारावर परिणाम होईल का, आणि चाचणी संपल्यावर औषध मिळत राहील का. घोडबंदर रोडवरून व्हीलचेअर घेऊन परळला सकाळी आठला पोचायचं म्हणजे घरातून किती वाजता निघायचं, तेही त्याच कागदावर लिहा. नकली गोळीची भीती खूप जणांना वाटते. अमेरिकेत २०२० पासून चालू असलेल्या हीली प्लॅटफॉर्म चाचणीत अनेक औषधं वेगवेगळ्या गटांवर तपासतात आणि तुलनेचा नकली औषधाचा गट सगळ्यांना मिळून वापरतात, त्यामुळे चारांतल्या तिघांना खरं औषध मिळतं. हा मार्ग मला जास्त माणुसकीचा वाटतो.

परदेशात मंजूर झालेलं औषध स्वतःसाठी मागवायचं असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसह फॉर्म १२ए भरून केंद्रीय औषध नियंत्रकांकडे, म्हणजे सीडीएससीओकडे, परवानगी मागता येते. ती फॉर्म १२बी वर मिळते. हाताने सामानात घालून आणण्यापेक्षा हा रस्ता धरा.

काढे, आहार, मालिश

सगळं नाकारू नका. तेलाच्या मालिशने बाबांना झोप लागे, तेवढं पुरे होतं. पण भस्मं आणि नाव नसलेल्या पुड्या टाळा. काहींत शिसं-पारा असतो, आणि रिल्युझोलचा भार आधीच यकृतावर असतो. जे काही चालू आहे ते डॉक्टरांना सांगा, रागावले तरी सांगा. अशा पर्यायी उपचारांची एकेक करून छाननी करणारा एएलएस-अनटँगल्ड हा उपक्रम अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे डॉ. रिचर्ड बेडलॅक चालवतात. इंग्रजी वाचणारं कुणी घरात असेल तर उपचाराचं नाव तिथे शोधायला सांगा. एखाद्या रुग्णाची गेलेली ताकद खरोखर परत आल्याच्या दुर्मीळ नोंदीही तेच गोळा करतात, त्यामुळे ते आशेवर पाणी ओतायला बसलेले नाहीत.

सुरू करण्याआधी थांबायची तारीख लिहा

वहीच्या एका पानावर चार ओळी: काय घेतोय, कशासाठी, वरची खर्चाची मर्यादा किती, आणि कोणत्या तारखेला गुण पाहून ठरवायचं. खाली रुग्णाची सही, हात चालत नसेल तर अंगठा. कारण मध्येच थांबायची वेळ येते तेव्हा कुणालाच ‘पुरे’ म्हणवत नाही. म्हणणारा माणूस घरात खलनायक ठरतो. आधी लिहिलेलं असेल तर तारीख ते काम करते.

आणि हे पान रुग्णानेच सांगून लिहवावं. बाबांना चालण्याची आशा नव्हतीच, आम्हीच ती धरून होतो. त्यांनी ‘कशासाठी’च्या पुढे माझ्याकडून लिहवून घेतलं होतं: बोलणं टिकावं, नातीशी बोलायला. ते कळल्यावर आम्ही लांबचे पत्ते सोडले. आवाज शाबूत होता तोवर फोनवर तिच्यासाठी गोष्टी रेकॉर्ड केल्या. तलावपाळीला बाकावर बसून बऱ्याच झाल्या, मागे रिक्षांचे हॉर्न ऐकू येतात.

पत्ते अजूनही येतात. गेल्या महिन्यात आत्याने कुणा दुसऱ्यांसाठी पाठवला. मी तिला लिहिलं, ‘‘त्यांना माझा नंबर दे. आणि आधी विचार, बायपॅप लावलंय का.’’